बिनरुळांची गाडी

बडोद्यातल्या माझ्या घरमालकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो नाव, गाव, लग्न यांपैकी कशाचाही नव्हता. हरणीच्या सोसायटीत त्यांच्या वरच्या मजल्यावर मी राहायला आले, टेम्पोतून माझी मोटारसायकल खाली उतरली, आणि काका पायजमा-बनियनवर बाहेर येऊन तिच्याभोवती एक अख्खी चक्कर मारून आले. मग हाताची मागची बाजू त्यांनी इंजिनाला लावली, आपण पोराचा ताप बघतो तशी.

"ही कुठल्या गाडीने आली?"

"या टेम्पोने," मी म्हणाले.

"टेम्पो दिसतोय मला. नंबर पुण्याचा आहे, तिथून कुठल्या गाडीने आली? पार्सल केलीत ना?"

मी गाडीचं नाव सांगितलं. काकांनी हळहळून मान हलवली. "तिचा पार्सलचा डबा अगदी शेवटी लागतो. हिसके खाल्लेत बिचारीने." एवढं झाल्यावर त्यांनी माझं नाव विचारलं आणि नंतर ते कधीही वापरलं नाही. त्या दिवसापासून मी 'दीकरा', म्हणजे गुजरातीतलं 'बाळ', झाले.

काका रेल्वेतून रिटायर झालेले ड्रायव्हर. 'लोको पायलट' म्हटलेलं त्यांना खपत नसे. आमच्या गच्चीवरून विमानतळावर उतरणारी विमानं दिसत, तिकडे बोट करून ते म्हणत, "पायलट ते. आपण ड्रायव्हर." नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, पण काकू म्हणत तेच खरं होतं. "रेल्वेने यांना सोडलं, दीकरा, पण जाताना इंजिन इथेच ठेवून गेली बघ."

हाताच्या मागच्या बाजूने काका जगातली प्रत्येक वस्तू तपासत. चहाचा कप, पाण्याची मोटर, टीव्ही, इस्त्री, शेजाऱ्यांच्या बंद मोटारीचं बॉनेट. चाकाचा आस तापलाय का हे बघायची ती जुनी सवय. तळहात का नाही, असं मी एकदा विचारलं. "तळहात भाजला तर हँडल कशाने धरणार?" ते म्हणाले. मला हे इतकं पटलं की आजही मी कुकरला तसाच हात लावते.

दुसरी सवय ओरडण्याची. रेल्वेत म्हणे सिग्नल दिसला की ड्रायव्हरने तो मोठ्यांदा बोलायचा, आणि शेजारच्या असिस्टंटने स्वतः बघून पुन्हा तेच बोलायचं. दोघांचं जुळलं की मगच गाडी पुढे. काका घरातही तसंच करत. "दूध वर आलं!" अशी आरोळी ठोकून ते गॅसपाशी उभे राहत आणि उत्तराची वाट बघत. काकू उत्तर देत नसत. दूध उतू जाई. मग काकू स्वयंपाकघरात येऊन म्हणत, "बधुं, सगळं समजतं यांना, फक्त गॅस बंद करायचं समजत नाही."

अशा माणसाने एका सकाळी मी कामावर निघताना जिन्याच्या तळाशी मला अडवलं. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. "मॅडम," ते म्हणाले. मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. "मॅडम, मला ही चालवायला शिकवाल?"

मी हसले. गिअरच्या गाडीऐवजी स्कूटर घ्या, सोपी पडेल, असंही सांगून पाहिलं. "बिनगिअरची गाडी चालवायची नसते, तिच्यावर नुसतं बसायचं असतं," ते म्हणाले. शिकायचं आहे कशाला ते मात्र त्यांनी त्या संध्याकाळी गच्चीवर सांगितलं, तेही काकू खाली देवळात गेल्यावर.

काकू डभोईच्या. लग्नं, बारशी, आजारपणं, जे काही माहेरी झालं त्याला त्या एकट्या एसटीने गेल्या, कारण काका कायम कुठल्यातरी इंजिनात. इंजिनात घरच्या माणसाला घेता येत नाही. "सारी नोकरी लोकांच्या बायकापोरांना पोचवत राहिलो. हिला कधी मी नेलं नाही," काका म्हणाले. फक्त एकदा काकू सुरतेला निघाल्या आणि योगायोगाने ती गाडी काकांकडे होती. त्या दिवशी काकांनी अशी गाडी चालवली की पाण्याचा ग्लास हलू नये. सुरतेला उतरून ते धावत डब्याशी गेले आणि विचारलं, कशी होती? काकू डोळे चोळत म्हणाल्या, "कोण चालवत होतं? मला तर झोप लागलेली."

"बाकीचे ड्रायव्हर म्हणाले, अरे, पॅसेंजर झोपला म्हणजे तू पास. पण दीकरा, एकदा तिला जागेपणी कळलं पाहिजे, की गाडी मी चालवतोय."

हे ऐकल्यावर नाही म्हणायला माझं काळीज काही दगडाचं नव्हतं. काकूंना बातमी लागली तेव्हा त्यांनी आपली अट जाहीर केली. "शिका, जरूर शिका. पण लायसन हातात येईपर्यंत मी मागे बसणार नाही. हाडं मोडून घेऊन माहेरी जायला मला शोभत नाही."

झालं. त्या दिवसापासून आमच्या सोसायटीत एकच विषय होता, आणि मी इतकी उत्साहात होते की ऑफिसातही रोजचा अहवाल देत असे.

पहिला टप्पा डॉक्टरचा. त्या वयात लायसनला डॉक्टरचा दाखला लागतो. काकांनी भिंतीवरचा तक्ता वरून खाली वाचला, मग खालच्या कोपऱ्यातलं छापखान्याचं नावही वाचलं. डॉक्टर म्हणाले, "बस, बस काका." काका म्हणाले, "दुसरा डोळा राहिला." आयुष्यभर त्यांचे डोळे रेल्वेने तपासले होते, एवढ्या लवकर सोडलेलं त्यांना अपमानासारखं वाटलं.

दुसरा टप्पा शिकाऊ लायसनच्या परीक्षेचा. कॉम्प्युटरवर प्रश्न येतो, उत्तरावर बोट ठेवायचं. आम्ही निर्धास्त होतो. ज्याने हयात सिग्नल वाचण्यात घालवली त्याला दिव्यांचे प्रश्न काय अवघड! काका आत गेले आणि बाहेर मला त्यांचा आवाज ऐकू यायला लागला. प्रत्येक प्रश्न ते खणखणीत वाचत होते. आतून कोणीतरी विनवणीच्या सुरात म्हणत होतं, "काका, मनमां वांचो ने!"

काका नापास झाले.

मला खरंच वाटेना. बाहेर आल्यावर एकेक उत्तर विचारत गेले तेव्हा उलगडा झाला. पिवळा दिवा दिसला तर? काकांचं उत्तर, सावध होऊन पुढे जा, पुढचा सिग्नल लाल असू शकतो. मागून रुग्णवाहिका येत असेल तर? काकांनी उत्तरच दिलं नव्हतं. "मागचं बघायचं काम गार्डचं," ते म्हणाले. त्यांचं एकही उत्तर चुकलं नव्हतं, फक्त ती सगळी रुळांवरची होती. पुढचे काही दिवस मी रोज संध्याकाळी त्यांना प्रश्न विचारले. पिवळा म्हणजे रेषेच्या मागे थांबा, हे ते तोंडाने म्हणत, पण चेहऱ्यावर 'काय दिवस आलेत' असा भाव असे. दुसऱ्या खेपेला काका परीक्षेला गेले. आतून चक्क काही आवाज आला नाही, आणि काका हाताची मूठ हवेत उडवत बाहेर आले.

तिसरा टप्पा शिकण्याचा. आमच्या सोसायटीच्या मागे मोकळं मैदान आहे, नवरात्रात तिथे गरबा होतो. पहिल्या दिवशी काका ठरलेल्या वेळेच्या आधीच हजर. गाडीला चक्कर, प्रत्येक नटाला हात, इंजिनाला हाताची मागची बाजू. मग मी मागे बसले. क्लच, गिअर, ॲक्सिलरेटर. माणसाने जणू जन्मभर हेच केलं होतं. गाडी अशी अलगद सुटली की मी "वा!" म्हणाले. मैदान संपत आलं. समोर कंपाउंडची भिंत. भिंत जवळ आली. आणखी जवळ आली. "काका, वळा! वळा!" मी किंचाळले, आणि त्यांनी ब्रेक दाबला. भिंत आणि पुढचं चाक यांच्यात एक वाटी मावली असती.

"वळला का नाहीत?"

काका भिंतीकडे बघत राहिले. "गाडी आपण वळवायची असते, हे डोक्यात येत नाही हो," ते म्हणाले. "रूळ वळवतात."

लहानपणी सायकल चालवली होती, पण मध्ये एवढी वर्षं फक्त पुढे आणि थांब, पुढे आणि थांब. हँडल म्हणजे धरायची वस्तू, फिरवायची नव्हे. चार-पाच दिवस मी जंग जंग पछाडलं. मग एका सकाळी काकू गॅलरीत आल्या आणि वरून ओरडल्या, "अहो, मैदान कशाचं आहे ते बघा! गरब्यासारखं गोल फिरा की!" आणि त्यांनी चक्क टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मी मैदानाच्या मधोमध, जिथे गरब्याची मांडणी करतात, तिथे उभी राहिले. काका माझ्याभोवती गोल, काकूंच्या टाळ्यांवर. एक फेरी, दोन फेऱ्या, मग उलट्या बाजूने. शेजारच्या दोन बायका त्यांच्या गॅलऱ्यांतून टाळ्यांत सामील झाल्या. काकांच्या कपाळावरचा घाम उन्हात चमकत होता आणि ते आपलं ओरडताहेत, "वळण उजवं! वळण उजवं!" मी मधून ओरडतेय, "उजवं!" काकू अट घातल्यासारखा चेहरा करून टाळ्या वाजवत होत्या, पण त्या आत गेल्या नाहीत.

रस्त्यावर यायला लागल्यावर आमची वरात निघता निघता राहिली. एकदा हरणी रोडच्या सिग्नलला लाल लागला. रविवारची सकाळ, रस्ता रिकामा. काका शिस्तीत थांबले. घड्याळाकडे बघितलं. मग एक लांब हॉर्न दिला आणि सावकाश निघाले, थेट लालमधून. पलीकडे पोलीस उभाच होता.

"काका, लाल छे! देखातुं नथी?"

"दिसतंय ना भाई. एक मिनिट थांबलो, शिट्टी दिली, मग निघालो."

काही ठिकाणच्या लाल सिग्नलला रेल्वेत तसा नियम असतो, दिवसा एक मिनिट थांबून जपून पुढे जायचं, हे काका त्याला समजावू लागले. मी मागे हात जोडून बसले होते. पोलिसाने माझ्याकडे पाहिलं, पाटीवरच्या लाल 'एल'कडे पाहिलं, आणि म्हणाला, "बेन, आमने शांतीथी घेर लई जाव," यांना शांतपणे घरी न्या म्हणून. पुढे त्या चौकात तो दिसला की काका त्याला सलाम ठोकत आणि लालला खांबासारखे उभे राहत.

एकच गोष्ट मला शेवटपर्यंत शिकवता आली नाही. आरसा. "काका, वळण्याआधी आरशात बघा," मी रोज सांगे. "गार्ड," ते रोज म्हणत. शेवटी मी कंटाळून म्हटलं, "बरं, आरशात मी बघेन." माझ्या भरवशावर ते बिनधास्त पुढेच बघत राहिले.

आणि मग परीक्षा. चाचणीच्या जागेला 'ट्रॅक' म्हणतात हे कळल्यावर काकांना केवढा आनंद झाला होता! जागेवर पोचल्यावर मात्र ते म्हणाले, "नावाला ट्रॅक. रूळ कुठायत?" नागमोडी वाट, दोन्हीकडे रेषा, वर कॅमेरे. पाय टेकला की संपलं. आत एकट्यानेच जायचं. मी जाळीबाहेर. माझीच चाचणी असल्यासारखी मी जाळीला नाक लावून उभी होते.

सुरुवातीचा दिवा हिरवा झाला. काका हलले नाहीत. मला वाटलं गिअर पडत नसेल. मग दिसलं, ते डावीकडे बघत होते. असिस्टंट बसतो त्या बाजूला. तिथे कोणी नव्हतं, आणि दुसऱ्याने 'हिरवा' म्हटल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. भोंग्यातून आवाज आला, "काका, ग्रीन छे, जाव ने!" काका दचकले, गाडी हिसक्याने सुटली, आणि दुसऱ्याच वळणावर त्यांचा पाय जमिनीला लागला.

परतताना मी त्यांना सेव-उसळ खायला नेलं. झणझणीत उसळीवर काकांचा एरवी फार जीव. त्या दिवशी ते चमचा घेऊन नुसते बसले. "ती काही आता माझ्या मागे बसत नाही," ते म्हणाले. मला भडभडून आलं, आणि रागही आला, स्वतःचा. मीच मागे बसून त्यांची प्रत्येक हाक झेलत राहिले होते. एकटं जायला शिकवलंच नव्हतं.

घरी काकू दारातच होत्या. आता काहीतरी टोमणा येणार म्हणून मी अंग चोरलं. काकूंनी काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पुढे आल्या आणि त्यांच्या कपाळाला हाताची मागची बाजू लावली.

"तापलेलं नाहीये," त्या म्हणाल्या. "पुन्हा जा."

मग आम्ही नव्याने सुरुवात केली. मी मागे बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. काका ओरडत, "सोसायटीचं गेट उघडं!" मी गप्प. ते थांबत. मागे गाड्यांचे हॉर्न. मी गप्प. फार जड गेलं मला ते. शेवटी काकांनीच तोड काढली. ती काय आहे ते त्यांनी मला सांगितलं नाही. दुसऱ्या चाचणीच्या दिवशी जाळीबाहेर उभं राहून मी ती ऐकली.

दिवा हिरवा झाला. काका आपल्या भरदार आवाजात ओरडले, "हिरवा!" मग मान डावीकडे करून, पातळ, कोवळ्या आवाजात स्वतःलाच उत्तर दिलं, "हिरवा, साहेब!" आणि गाडी सुटली. "वळण डावं!" "डावं, साहेब!" "वळण उजवं!" "उजवं, साहेब!" सगळा नागमोडी मार्ग दोन माणसांच्या आवाजात पार पडला. माझ्याबरोबर जाळीला चिकटलेले सगळे उमेदवार हसत होते, आणि मी हसता हसता ओरडत होते, "उजवं! उजवं!" शेवटच्या रेषेपलीकडे काकांनी गाडी अशी थांबवली की पाण्याचा ग्लास हलला नसता. भोंगा म्हणाला, "पास छो, काका. बन्ने जणा पास." दोघंही!

मी स्वतःचं लायसन काढलं तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

कार्ड टपालाने येतं. ते येईपर्यंत काकांनी पोस्टमनचा जीव नकोसा केला. एके दुपारी ते आलं. काकांनी ते दोन्ही हातांनी काकूंपुढे धरलं. काकूंनी चष्मा लावून ते पुढून वाचलं, मागून वाचलं. "फोटो बरा नाही आला," म्हणाल्या आणि आत गेल्या. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. आता या बाईला आणखी काय दाखवायचं, हे दोघांनाही सुचेना.

रविवारी सकाळी मी खाली आले तेव्हा काका गाडीभोवती चक्कर मारत होते, पण रोजचा जोर नव्हता. तेवढ्यात दार उघडलं. काकू बाहेर आल्या. जन्मभर साडीशिवाय न दिसलेल्या काकू हिरव्यागार पंजाबी ड्रेसमध्ये होत्या. नवा कोरा, डोक्यावर हेल्मेट, हातात भाच्यांसाठी खाऊची पिशवी. "घडियाळी पोळच्या बाजारातनं कापड आणलं होतं," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "यांचं ते गोल गोल फिरणं चालू होतं ना, तेव्हाच. शिवून ठेवलेलं."

म्हणजे टाळ्या वाजवत होत्या तेव्हाच! काका आ वासून उभे. काकू दोन्हीकडे पाय टाकून, पोरीबाळींसारख्या, ऐटीत मागे बसल्या. वॉचमनने गेट उघडलं. काका ओरडले, "गेट उघडं!" माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं, मी ते गिळलं. कारण मागून काकूंचा आवाज आला, आयुष्यात पहिल्यांदा.

"उघडं! चालो हवे, निघा."

तरी गाडी हलेना. काका आरसा वळवत होते. डावा नीट केला, मग उजवा. दोन्हीत हिरवं दिसायला लागलं आणि ते बघतच राहिले. आरशात न बघणारा हा माणूस आता गेटात उभा राहून आरशातच राहतो की काय असं मला वाटायला लागलं.

"पुढे बघा की!" काकू ओरडल्या. आणि गाडी गेटातून अलगद बाहेर पडली, डावीकडे वळली, स्वतः वळली, रुळांशिवाय.

दिवसभर माझं कशात लक्ष नव्हतं. दर थोड्या वेळाने गॅलरीत. उन्हं कलल्यावर एक लांब हॉर्न ऐकू आला आणि ते दोघे आले, धुळीने माखलेले, लाल झालेले, मधे डभोईहून दिलेल्या वांग्यांची पिशवी कोंबलेली. गाडीवरून उतरून काका काकूंसमोर उभे राहिले, त्या सुरतेच्या फलाटावर उभे राहिले असतील तसेच. त्यांना विचारायचं होतं आणि त्यांना ते विचारवत नव्हतं, म्हणून मीच विचारलं.

"काकू, कशी होती गाडी? झोप लागली का?"

काकूंनी हेल्मेट काढलं, केस मागे सारले.

"झोपते कशाला?" त्या म्हणाल्या. "कोण चालवतंय ते आरशात दिसत होतं ना सगळा वेळ."